दत्तक मुलाला आणायला परदेशी जाताना मोठ्या मुलीला सोबत न्यावं का?

प्रश्न – साडेचार वर्षांच्या मुलाची होणारी आई

नमस्कार. तीन वर्षं कागदपत्रांत गेली आणि आता मुलगा ठरला आहे. साडेचार वर्षांचा, तान्हा असल्यापासून संस्थेत वाढलेला. तिथल्या न्यायालयाचा आदेश आणि त्याचा पासपोर्ट हातात येईपर्यंत पाच-सहा आठवडे राहावं लागेल, असं सांगितलंय. आमची लेक आठ वर्षांची आहे. रोज विचारते, "त्याला आणायला मी पण येणार ना?" आई म्हणते, शाळा बुडवू नका, ती राहील माझ्याकडे. मला तिला मागे ठेवून जाववत नाही. पण तो रात्ररात्र रडला, हिला मारायला धावला, तर मी एकाच वेळी कोणाकोणाला जवळ घेऊ? जाऊन आलेल्यांनी खरं काय ते सांगा.

उत्तर – दोन मुलांचा बाबा

ताई, न्या. पण तिसरं मोठं माणूस सोबत असेल तरच. आम्ही गेलो तेव्हा थोरला नऊ वर्षांचा होता, धाकटी साडेतीन. माझी बहीण सोबत आली म्हणून निभावलं.

धाकटी पहिल्या दिवशी बायकोला जी चिकटली ती अकरा दिवस सुटली नाही. मी जवळ गेलो की किंचाळायची. संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या बायकाच, पुरुषाची तिला सवयच नव्हती. हे नंतर कळलं, तोवर मी पार खचलो होतो. या सगळ्यात थोरला एकटा पडला. पाचव्या दिवशी त्याने विचारलं, "हिला परत देता येतं का?" मी त्याच्यावर ओरडलो. त्याचं आजही वाईट वाटतं, कारण पाच दिवसांत त्याच्या वाट्याला आई आलीच नव्हती. मग बहिणीने ठरवून दिलं: धाकटी दुपारी झोपली की ती तिच्या उशाशी बसणार आणि तो तासभर आई फक्त थोरल्याची. दोन दिवसांत पोराचा चेहरा बदलला.

आणि धाकटीला पहिल्यांदा हसवलं ते त्यानेच. आंघोळीनंतर आरशावर वाफ धरली होती, तिच्यावर बोटाने मांजर काढून. भाषा लागली नाही.

पहिल्या भेटीला मात्र तुम्ही दोघंच जा. लेकीला दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला न्या, आणि संस्थेची जागा नीट दाखवा. माझी मुलगी आता कधी कधी विचारते, "मी तिथे कुठे झोपायचे?" तेव्हा थोरला सांगतो, "खिडकीजवळ, निळी चादर होती." मी ते सांगितलं तर ती ऐकून घेते. तो सांगतो तेव्हा ती पुन्हा पुन्हा विचारते.

तुमच्या मुलाच्या अंगावरचे कपडे मागून घ्या आणि लगेच धुऊ नका, वास ओळखीचा असतो. सांभाळणाऱ्या बाईंना विचारा: झोपवतात कसं, दिवा ठेवतात का, कशाला घाबरतो. त्यांच्या भाषेतलं पाणी, शू, दुखतंय, भूक, आणि 'मी इथेच आहे' एवढं तरी पाठ करा. उशीखाली खाऊ लपवलेला सापडला तर काढून घेऊ नका. आमची बिस्किटं लपवायची. आम्ही तिच्यासाठी एक डबाच भरून ठेवला, कधीही उघडावा असा.

उत्तर – कागदपत्रांतून गेलेली

दोन्ही देश १९९३च्या हेग दत्तक करारात (परदेशातून मूल दत्तक घेण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार) असतील तर निघण्याआधी कलम २३चं प्रमाणपत्र हाती घ्या. दत्तकविधान करारानुसार झालंय याचा तो दाखला, आणि त्यावरच करारातले इतर देश ते मान्य करतात. नावाचं एकेक अक्षर तपासा. आमच्या प्रमाणपत्रात आणि पासपोर्टमध्ये एका अक्षराचा फरक निघाला आणि मुक्काम नऊ दिवसांनी वाढला. लेकीच्या परतीच्या तिकिटाची तारीख बदलता येईल असं बघा. कलम १६प्रमाणे मुलाच्या पार्श्वभूमीचा आणि आजारपणांचा अहवाल तयार होतो, तो आधीच आपल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

उत्तर – दत्तक आलेली, आता ३४ वर्षांची

मी चार वर्षांची असताना विमानाने आणलं गेलं. आई-बाबांनी खूप प्रेम दिलं. पण मला ज्यांनी सांभाळलं त्या बाईंचा एकही फोटो आमच्याकडे नाही. त्यांचा हात आठवतो, चेहरा नाही. ताई, तेवढा फोटो नक्की मागा, आणि निरोप घेताना तो रडला तर रडू द्या. गप्प करण्यासाठी घाईने गाडीत बसवू नका. त्याचं नाव बदलणार असाल तर जुनंही नावात राहू द्या.

प्रश्नकर्ती

वाचता वाचता दोनदा थांबले. नणंदेला फोन केला, ती महिनाभर यायला तयार आहे. लेकीला वहीत त्या भाषेतले शब्द लिहून दिलेत. 'मी इथेच आहे' तिने आज सकाळपासून पाठ केलंय. बाबा, एक विचारायचं राहिलं: अकरा दिवसांनंतर ती तुमच्याकडे आली कशी?

दोन मुलांचा बाबा

मी जवळ जाणंच सोडलं होतं. जमिनीवर बसून थोरल्याच्या बुटाची लेस बांधत होतो. ती आली, आणि तिने आपला पाय पुढे केला.