हॉपी अँबर लागर: कडवटपणा मुळातला की बाटली उन्हाळ्यात बाधली?

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार मंडळी. पुण्याहून आणलेली एक क्राफ्ट अँबर लागर (थंडीत आंबवलेली तांबूस बिअर) आहे. ३३० मिलीची तपकिरी बाटली, अल्कोहोल ५.२ टक्के, लेबलावर ३५ आयबीयू (कडवटपणाचं माप), उत्पादन चार महिन्यांपूर्वीचं. तीन बाटल्या आल्या दिवसापासून फ्रिजमध्ये आहेत, तीन एप्रिल-मे कपाटात राहिल्या. कपाटातली एक उघडली. रंग सुरेख तांबूस, फेसही ठीक. पण लेबलावर लिहिलेला पपनसाच्या सालीचा वास जवळपास नाहीच. त्याऐवजी मधासारखा जड वास येतो आणि गिळल्यावर कडवटपणा घशाशी चिकटून राहतो. बिअरची घडणच अशी आहे की साठवणीने बिघडली? शनिवारी सहा जण बसणार आहोत. चव घ्यायची पद्धत आणि गुण कसे द्यायचे तेही सांगा.

माहुली_संगम (सातारा)
मधाचा वास आणि गेलेला हॉप (बिअरला कडूपणा आणि सुवास देणारी फुलं) हे दोन्ही एकत्र असतील तर पहिला संशय ऑक्सिडेशनवर, म्हणजे प्राणवायूने बिअर शिळी होण्यावर घ्या. ब्रुअर लोकांचा ३-३०-३०० असा ठोकताळा आहे: ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३०, फ्रिजच्या ३ अंशांत ३०० दिवस. यात बिअर साधारण सारखीच म्हातारी होते. सांगलीच्या मे महिन्यात बंद कपाट ३५ च्या वर जातं, म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

रेंगाळणाऱ्या कडवटपणालाही कारण आहे. हॉप्समधली कडू आम्लं, म्हणजे आयसो-अल्फा, दोन रूपांत असतात. त्यातलं ट्रान्स रूप उष्णतेत लवकर मोडतं आणि त्यातून तयार होणारी संयुगं ओबडधोबड, उशिरापर्यंत टिकणारा कडूपणा देतात. आयबीयूचा आकडा उतरतो, जिभेला मात्र बिअर जास्त कडू वाटते. तपकिरी काच उजेड बराचसा अडवते, उष्णता अजिबात नाही.

खमंग_माल्ट (मिरज)
तुमच्याकडे फ्रिजच्या तीन आणि कपाटाच्या दोन बाटल्या उरल्या आहेत. याहून चांगला योग नाही. आधी त्रिकोणी चाचणी करा, मग गुण द्या.

प्रत्येकासमोर तीन पेले: दोन एका साठवणीचे, एक दुसऱ्याचा. तिघांना फ्रिजची बिअर दोनदा, तिघांना कपाटाची दोनदा. म्हणजे दोन्हीचे नऊ-नऊ पेले होतात. प्रत्येकी ५० मिली ओतलं तर ४५०-४५० मिली, दोन-दोन बाटल्यांत आरामात बसतं. पेल्यांच्या बुडाला आकडे लावा आणि ओतणारा माणूस वेगळा ठेवा. सारखे अठरा ग्लास कुठून आणायचे हा प्रश्न असेल तर सारखे स्टीलचे पेले घ्या. रंगातला फरक लपतो, हा उलट फायदाच. सहांपैकी पाच जणांनी वेगळा पेला ओळखला तरच फरक खरा माना. नुसत्या अंदाजाने दोघांचं उत्तर बरोबर येतंच.

कपाटातल्या बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, नाहीतर लोक तापमानावरून ओळखतील. चव ७ ते १० अंशांत घ्या. चार अंशांवर माल्ट (मोड आणून भाजलेलं धान्य) मुका राहतो. आत्ताच्या हवेत फ्रिजबाहेर पाच-सात मिनिटं पुरतात, थर्मामीटर असेल तर तोच बुडवा.

फ्रिजची तिसरी बाटली गुणांसाठी, काचेच्या ग्लासात. ग्लास साबणाऐवजी खायच्या सोड्याने घासून भरपूर पाण्याने धुवा आणि पालथे घालून वाळवा. फडका लावू नका. साबणाचा किंवा तुपाचा अंश राहिला की फेस बसतो आणि दोष बिअरच्या माथी जातो. गच्चीवर उन्हात बसू नका. ग्लासातल्या हॉपी बिअरला ऊन काही मिनिटांत बाधतं आणि कुबट, जळक्या रबरासारखा वास सुटतो.

ओतल्या ओतल्या वास घ्या, कारण गंधकाचा वास टिकत नाही. मग तळहाताने ग्लास झाका, हलकं फिरवा, पुन्हा वास घ्या. घोट छोटा, पण गिळायचाच. या प्रकारात निम्मं मूल्यमापन गिळल्यानंतर होतं. मध्ये साधा पाव आणि पाणी. भडंग नंतर. लसूण-तिखटाने तासभर जीभ कामातून जाते. उदबत्तीही लावू नका.

गुण पन्नासपैकी, बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या तक्त्याप्रमाणे: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण ठसा १०.

घाटमाथा (सातारा)
तक्ता बरोबर, पण कुठल्या शैलीच्या मापाने मोजणार ते आधी ठरवा. व्हिएन्ना लागर या तांबूस लागरच्या शैलीची मर्यादा १८ ते ३० आयबीयू. ३५ आयबीयू आणि पपनसाचा वास म्हणजे ती त्या चौकटीबाहेरची, अमेरिकन वळणाची. हॉप जास्त म्हणून गुण कापणं अन्यायाचं होईल. हॉपखाली माल्ट दिसतो का, ते बघा. भाजलेल्या पावाची कड, थोडा कंदी पेढ्यासारखा खरपूस गोडवा मधल्या घोटात आला पाहिजे आणि शेवट कोरडा व्हायला पाहिजे. शेवटी पाक राहिला तर क्रिस्टल माल्ट (कॅरमलसारखा गोड माल्ट) जास्त पडला. एलसारखा (उबेत आंबवलेल्या बिअरसारखा) फळांचा वास आला तर यीस्ट गरम आंबलं. लागरचं यीस्ट साधारण ९ ते १३ अंशांतलं.

आणि कडू व तुरट यांची गल्लत करू नका. गिळल्यावर अर्धा मिनिट थांबून जीभ टाळूवर फिरवा. खरखरीत लागली तर तुरटपणा: धान्य धुताना पाणी ७७ अंशांच्या वर आणि सामू सहाकडे गेला की टरफलातलं टॅनिन उतरतं. तो दोष कारखान्यातला, त्यामुळे फ्रिजच्या बाटलीतही सापडेल.

कृष्णाकाठ (सांगली)
आभार सगळ्यांचे. तुरटपणा नव्हता, जीभ गुळगुळीत होती. पण एकाला लोण्याचा वास आल्यासारखा वाटला. तोही उष्णतेचा परिणाम?

खमंग_माल्ट (मिरज)
लोणी म्हणजे डायअ‍ॅसिटाइल. आंबवण संपताना तापमान १५-१८ अंशांवर नेऊन दोन-तीन दिवस ठेवलं तर यीस्ट ते गिळून टाकतं. घाई झाली तर राहतं. शिवाय सुके हॉप्स न उकळता टाकलेल्या बिअरमध्ये हॉप्सची विकरं उरलेली डेक्स्ट्रिन्स (न आंबलेल्या जड साखरा) फोडतात, आंबवण पुन्हा सुरू होते आणि डायअ‍ॅसिटाइल परत येतं. त्याचं पूर्वरूप बाटलीत राहून गेलं असेल तर कपाटाच्या उष्णतेत ते लोण्यात बदलतं, यीस्ट नसलं तरी.

शनिवारी दोन्ही साठवणींत लोणी शोधा. फ्रिजच्या बाटलीत नसेल तर त्यातली ५० मिली झाकणाच्या बरणीत घालून अर्धा तास ६०-६५ अंशांच्या पाण्यात ठेवा, थंड करून न तापवलेल्या नमुन्याशेजारी हुंगा. तापवलेल्यातच लोणी आलं तर पूर्वरूप मुळात होतं. हा नमुना त्रिकोणी चाचणीनंतर उरलेल्या बिअरमधून काढा, तिसरी बाटली फोडू नका.