चांगलं डिमसम जाण्याआधीच ओळखायचं कसं? (मदत हवी आहे, घाई आहे)

निळी_छत्री
शहर मध्यम आकाराचं आहे. चिनी म्हणवणारी रेस्टॉरंट भरपूर, आणि बहुतेकांच्या मेनूत डिमसमचं (चहासोबत खायचे छोटे चिनी पदार्थ) एक पान असतंच. पण जिथे जावं तिथे तेच. हार गावची (कोळंबी भरून वाफवलेली पुरचुंडी) पारी जाड, रबरासारखी, उचलायला गेलं की तळाचा कागद धरून बसते आणि फाटते. आत कोळंबीचा नुसता लगदा. सिउ माई (मांस भरलेली, उघड्या तोंडाची पुरचुंडी) कोरडी ठक्क. बावच्या (सारण भरून वाफवलेला पाव) पोटात लालभडक गोड सॉस आणि मांस नावाला.
पुढच्या रविवारी पाहुणे येताहेत आणि त्यांना असलं काही खायला घालायचं नाही. इंटरनेटवरचे तारे बघणं मी सोडून दिलंय, लोक सजावटीला तारे देतात. आधीच कळेल अशी काही खूण आहे का? लवकर सांगा.

तिखटमीठ
शहर कुठलं? नाव लिहा, कोणी ना कोणी सांगेल.

निळी_छत्री
नाव मुद्दाम दिलेलं नाही. दिलं की ठरलेल्या जागांची यादी येते आणि तिथे मी खाऊन बसले आहे. मला ओळखायची पद्धत हवी आहे.

वाफारा
किती वाजता जाता? पाहुणे किती? डुकराचं मांस चालतं का? हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

चवदार_भटक्या
एवढं कशाला विचारायचं! ढकलगाड्या फिरतात का ते बघा. हाँगकाँगच्या जुन्या चहाघरांत बायका गाडी ढकलत टेबलापाशी येतात, झाकण उघडून दाखवतात, आपण बोट दाखवायचं. गाडी आहे तिथे खरं डिमसम, बाकी सगळं नुसतं वाफवलेलं फास्टफूड.

वाफारा
भटक्या, गाडीला गर्दी लागते. चारशे माणसं बसली असतील तर डिमसमची बांबूची टोपली दहा मिनिटांत संपते. अर्धा हॉल रिकामा असेल तर तीच टोपली पाऊण तास फिरते आणि पारी चिकट होते. मध्यम शहरात कागदावर खुणा करून ऑर्डर घेणारी जागा बरी. ऑर्डर गेल्यावर वाफेवर चढवतात.

घरचंच_बरं
बाहेर शोधण्यात वेळ घालवू नका, हार गाव घरी उत्तम होतो. मैदा घ्या, उकळतं पाणी घाला, मळा, लाटा...

तिखटमीठ
मैदा? हार गावला मैदा चालत नाही हो. गव्हाचा स्टार्च आणि टॅपिओका स्टार्च लागतो. गव्हाच्या स्टार्चमध्ये ग्लुटेन नसतं, म्हणून तर वाफवल्यावर पारी पारदर्शक होते आणि आतल्या कोळंबीचा गुलाबी रंग दिसतो. मैद्याची पारी पांढरीच राहणार.

घरचंच_बरं
मी मैद्याचेच करते आणि घरात सगळे आवडीने खातात.

तिखटमीठ
आवडत असतील, चांगलीच गोष्ट आहे. पण तो हार गाव नाही.

निळी_छत्री
मला घरी करायचं नाहीये! पाहुणे म्हणजे सासू-सासरे आणि नणंदेचं कुटुंब. सासरे नोकरीनिमित्त बरीच वर्षं हाँगकाँगला होते, म्हणून एवढी धडपड. आम्ही जातो ते रात्री आठ-साडेआठला, ऑफिसनंतर.

वाफारा
रात्री! हे आधी सांगायला हवं होतं. कँटनी (दक्षिण चीन-हाँगकाँगकडच्या) लोकांचं डिमसम हे सकाळचं आणि दुपारचं खाणं. चहा प्यायला बसायचं आणि त्यासोबत हे छोटे पदार्थ. ते करणारा आचारी वेगळा असतो, वोकवाल्याचं (मोठ्या कढईत परतणाऱ्याचं) आणि त्याचं काम वेगळं. तो पहाटे येतो, पिठं मळतो, सारण भरतो आणि दुपारनंतर निघून जातो. त्यामुळे लहान शहरात रात्री मिळतं ते बहुधा सकाळचं उरलेलं, नाहीतर फ्रीझरमधलं. हार गावची पारी फ्रिजमध्ये पांढुरकी पडते, तिला भेगा जातात.
मी असतो तर फोन करून तीन गोष्टी विचारल्या असत्या. डिमसम ठरावीक वेळेतच देता का? 'हो, दुपारी दोनपर्यंत' असं उत्तर आलं तर आनंद माना. चाँग फन तिथेच करता का? तांदळाच्या पिठाचं पातळ मिश्रण ताटात किंवा कापडावर ओतून वाफवायचं आणि लगेच गुंडाळायचं, हे ताजंच चांगलं लागतं. जो ते रोज करतो तो बाकीही हातानं करत असण्याची शक्यता खूप. तिसरं म्हणजे यादी किती मोठी आहे. हार गावचं पीठ वेगळं, बावचं वेगळं, सिउ माईची पिवळसर पारी वेगळी. गिऱ्हाईक कमी आणि पदार्थ ऐंशी, म्हणजे फ्रीझर आलाच.

चवदार_भटक्या
हाँगकाँगमध्ये रात्री उशिरापर्यंत डिमसम मिळतं, मी स्वतः खाल्लंय. वेळेचा नियम जुना झाला.

वाफारा
मिळतं, कारण तिथे रात्रीही खाणारे आहेत. मध्यम शहरात कोण दुसऱ्या पाळीला वेगळा आचारी ठेवणार? आणि छोट्या यादीचं म्हणाल तर तिकडचंच उदाहरण आहे. टिम हो वान हे डिमसमचं रेस्टॉरंट २००९ मध्ये हाँगकाँगच्या माँग कॉकला एवढ्याशा जागेत सुरू झालं. यादी आटोपशीर. २०१० च्या मिशेलिन गाइडमध्ये (चांगल्या रेस्टॉरंटना तारे देणारं नावाजलेलं पुस्तक) त्याला तारा मिळाला.

सांजचहा
अवांतर होईल, पण सासरे हाँगकाँगला होते म्हणून लिहिते. चहा नीट निवडा. पु-अर (आंबवलेला गडद चिनी चहा) घ्या, तेलकट खाण्याबरोबर तो छान जातो. शेवंतीचा हलका असतो, दोन्ही मिसळूनही पितात. किटलीचं झाकण अर्धवट सरकवून ठेवलं की पाणी हवंय हे वेटरला कळतं. कोणी चहा ओतला की टेबलावर दोन बोटं वाकवून हलकेच टकटक करायची, ते आभार. चीनचा छ्येनलुंग बादशहा वेष पालटून फिरत असताना त्याने सेवकाला चहा ओतला आणि सेवकाला नमस्कार करता येईना म्हणून त्याने बोटं वाकवली, अशी दंतकथा आहे. सासऱ्यांना हे सगळं माहीत असणार, तुम्ही केलंत तर त्यांना फार बरं वाटेल.

रविवार_दुपार
शाओलाँगबाव (आत सूप असलेली वाफवलेली पुरचुंडी) मागवून बघा, त्यावरून स्वयंपाकघर कळतं. पारी फाटली नाही आणि आत गरम सूप असलं की समजा हात चांगला आहे.

तिखटमीठ
ते शांघायकडचं. कँटनी आचाऱ्याची परीक्षा त्यावर का घ्यायची? हार गाव, सिउ माई, चार सिउ बाव (भाजलेल्या डुकराच्या मांसाचा), चाँग फन एवढंच मागवा. बाव वरून फुलासारखा उकललेला हवा आणि तुकडा दातांना न चिकटता सुटायला हवा.

निळी_छत्री
वेळेचं पटलं. अजून एक, सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत.

वाफारा
हेही आत्ता सांगताय!

घरचंच_बरं
मशरूमचे मागवा, संपला प्रश्न.

सांजचहा
नाही हो, इतकं सोपं नाही. पारदर्शक पारीच्या पिठात पुष्कळदा डुकराची चरबी घालतात. मशरूमच्या सारणात ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, असतो. लो बाक गो, म्हणजे मुळ्याची वडी, नुसती मुळ्याची वाटते, पण तिच्यात सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेज असतं. तिळाच्या तळलेल्या गोळ्यातल्या गोड सारणातही चरबी असू शकते, एग टार्टच्या कवचातही. आंब्याच्या पुडिंगला जिलेटिन, तेही प्राण्यांपासूनचं. 'शाकाहारी आहे का?' असं मोघम विचारू नका, एकेक घटक नाव घेऊन विचारा. शिवाय टोपल्या एकावर एक रचून वाफवतात, वरच्या कोळंबीचं पाणी खालच्या टोपलीत ठिबकतं. सर्वांत वरची टोपली त्यांची ठेवायला सांगा. मशरूमपासून केलेला शाकाहारी ऑयस्टर सॉस मिळतो, तो आहे का विचारा.

तिखटमीठ
+१. चाँग फनमध्ये तळलेली पिठाची कांडी गुंडाळतात, तोही एक पर्याय. सॉस वेगळा मागा.

बांबू_टोपली
नवी बांबूची टोपली वापरण्याआधी पाण्यात भिजवून एकदा रिकामीच वाफवून घ्यावी, वास जातो. साबण लावू नये. पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवली तर बुरशी येते.

निळी_छत्री
टोपलीचं मी विचारलं नव्हतं, तरी आभार.
फोन केले. बहुतेकांनी 'सगळं, केव्हाही मिळेल' म्हटलं, ते सोडले. एका जागी, जिथे मी कधी गेलेच नव्हते, कारण बाहेरून नुसता समारंभाचा हॉल वाटतो, तिथे डिमसम फक्त शनिवार-रविवार, दहा ते दोन. हार गाव आणि चाँग फन तिथेच करतात. बाव तयार आणतो, असं त्यांनीच सांगितलं. पिठात चरबीऐवजी तेल आहे. शाकाहारी टोपली वेगळ्या भांड्यात वाफवून देणार. रविवारी साडेदहाचं टेबल घेतलंय.

वाफारा
'बाव तयार आणतो' असं स्वतःहून सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसेल. बाव सोडून द्या. आणि सगळं एकदम मागवू नका. आठ माणसं असली तरी आधी चार-पाच टोपल्या, त्या संपल्या की पुढच्या. हार गाव गार झाला की पारी कडक होते, म्हणून आला की लगेच खायचा. वाफवलेलं आधी, तळलेलं नंतर.

चवदार_भटक्या
कोंबडीचे पाय आहेत का तिथे? आधी तळून, भिजवून, मग काळ्या सोयाबीनच्या सॉसमध्ये वाफवलेले? सासरे हाँगकाँगला राहिलेत तर तेच आधी विचारतील.

निळी_छत्री
आहेत, पण आदल्या दिवशी सांगावं लागतं. दोन टोपल्या सांगून ठेवल्या आहेत.