हायकू : सतरा अक्षरे म्हणजे नक्की सतरा काय?

विचारणा

बारावीच्या मुलांसाठी जागतिक कवितेची तोंडओळख लिहिते आहे. सुनीत झाले, गझल झाली, हायकूपाशी अडले. हायकू लिहायचे की हायकु? तो, ती की ते? आणि मुख्य म्हणजे, ‘पाच-सात-पाच अक्षरांची तीन ओळींची कविता’ ही व्याख्या सगळीकडे दिसते, पण मराठीतले कितीतरी चांगले हायकू तिच्यात बसत नाहीत. मग मुलांना सांगायचे काय?

प्रतिसाद

ताई, पहिल्या दोन शंका पटकन मिटवू.

जपानी उच्चार ‘हाइकु’, शेवटचा उकार ऱ्हस्व. हिंदीत तसेच लिहितात. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा हा नियम, म्हणून आपल्याकडे ‘हायकू’. विभक्ती लागली तरी दीर्घच : हायकूचा, हायकूंमध्ये.

लिंगाचे म्हणाल तर ऊकारान्तावरून काही कळत नाही. लाडू तो, वाळू ती, लिंबू ते. ‘ती हायकू’ कानावर येते ती ‘कविता’ मनात असते म्हणून. छापील मराठीत मात्र ‘तो हायकू, ते हायकू’ असेच जास्त आढळते. मीही तसेच लिहितो.

तिसरी शंका खरी महत्त्वाची. जपानी माणूस जे मोजतो ते आपले अक्षर नव्हे. त्याला ते ‘ओन’ म्हणतात. ‘तोक्यो’ आपल्या हिशेबाने दोन अक्षरी, त्यांच्या कानाला चार ओन : तो-ओ-क्यो-ओ, कारण दोन्ही ओकार लांब आहेत. ‘निप्पोन’मध्येही चार : नि-प्-पो-न्. जोडाक्षरातला अर्धा प आणि शेवटचा न् यांचा वेगवेगळा हिशेब होतो. खुद्द बाशो या जपानी हायकूकाराच्या नावात तीन ओन आहेत. म्हणजे ही मोजणी अक्षरापेक्षा आपल्या मात्रेच्या जवळची.

बाशोचा (१६४४–१६९४) सर्वांत प्रसिद्ध हायकू १६८६ सालचा :

फुरुइके या
कावाझु तोबिकोमु
मिझु नो ओतो

इथे योगायोगाने एकेका ओनला एकेक अक्षर पडते. फु-रु-इ-के-या पाच, पुढे सात, पुन्हा पाच. (‘कावाझु’त आपण काने देतो, पण जपानीत ते स्वर ऱ्हस्वच आहेत.) हे उदाहरण बघून सतरा अक्षरांचा समज पक्का होत असावा. अर्थ साधा : जुने तळे, बेडकाची उडी, पाण्याचा आवाज. मोजून पाहा, मराठीत चार, सहा, सहा अक्षरे भरली. पाच करायला ‘जुनाट तळे’ म्हणावे, तर ‘जुनाट’मध्ये मोडकळीला आल्याचा, टाकाऊपणाचा वास येतो. मूळच्या ‘फुरुइके’त तो नाही. सात भरायला ‘बेडकाची हो उडी’ म्हणावे, तर त्या ‘हो’ने सगळे बिघडले. आकडा जुळतो, तळे जाते.

आणि बाशोनेही आकडा मोडला आहे. वाळल्या फांदीवर कावळा बसला आहे, शरदातली संध्याकाळ आहे, या त्याच्या हायकूत मधली ओळ ‘कारासु नो तोमारिकेरि’, नऊ ओनांची. हे मुलांना जरूर सांगा.

मग हायकूत अटळ काय? दोन गोष्टी. एक ‘किरेजी’, म्हणजे तोडणारा शब्द. वरच्या हायकूतला ‘या’ आणि कावळ्याच्या हायकूतला ‘केरि’ हे किरेजी. ‘या’ला स्वतंत्र अर्थ जवळजवळ नाही. तो तळ्यापाशी वाचणाऱ्याला थांबवतो. आधी नुसते तळे, मग खंड, मग उडी. मराठीत असा शब्द नाही म्हणून आपण विराम किंवा ओळ वापरतो. जपानीत हायकू परंपरेने एका उभ्या ओळीत लिहितात. तीन ओळींची मांडणी पाश्चात्त्य भाषांतरांतून आली.

दुसरी गोष्ट ‘किगो’, ऋतू सांगणारा शब्द. जपानी कवितेत बेडूक म्हणजे वसंत. आपण बेडूक म्हटले की पाऊस ऐकतो! वर्गात हे सांगितले नाही तर मुले तो हायकू आषाढात वाचतील. आणखी एक खुबी : जुन्या जपानी कवितेत बेडूक गातो, त्याच्या आवाजाचे कौतुक असते. बाशोने त्याला गाऊ दिले नाही, उडी मारायला लावली, आणि ऐकवला पाण्याचा आवाज.

पुरवणी शंका

मग मराठीत अक्षरे मोजणे चूक धरायचे का? मात्रा मोजाव्यात?

प्रतिसाद

चूक मुळीच नाही. ओवी, अभंग हे आपले अक्षरछंद. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरे धरतो, ऱ्हस्व-दीर्घ बघत नाही. तो हिशेब अंगात मुरलेला आहे, म्हणून बाहेरून आलेला छंदही आपण अक्षरांनी मोजला. मात्रांचा हट्ट धरला तर पंचाईत होईल. ‘पावसाळा’ या एका शब्दाच्याच सात मात्रा, म्हणजे तो पाचाच्या ओळीत शिरतच नाही. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. त्यांचे हायकू आकड्याशी बांधलेले नाहीत, क्षणाशी बांधलेले आहेत. मुलांना आधी ते वाचू द्या, व्याख्या मागाहून.

शब्दाचा उगमही पाठात यावा असे वाटते. पूर्वी चार-सहा कवी बसून साखळीकविता रचत. एकाने पाच-सात-पाच म्हणायचे, दुसऱ्याने सात-सात जोडायचे, तिसऱ्याने पुढे न्यायचे. तिच्या सुरुवातीच्या कडव्याला ‘होक्कु’ म्हणत आणि त्यात चालू ऋतूचा उल्लेख हवाच असे. किगो तिथून आला. होक्कु हळूहळू सुटा लिहिला जाऊ लागला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकी या कवीने त्या स्वतंत्र कवितेला ‘हायकू’ हे नाव रूढ केले. म्हणजे बाशोच्या काळात हायकू हे नाव रूढ नव्हते. आपण मागाहून त्याच्या होक्कुंना ते देतो.

एक विनंती. तीन ओळींच्या कोणत्याही चमकदार वाक्याला पाठात ‘हायकू’ म्हणू नका. आकार तोच, पण ऋतू नाही, माणसांच्या खोडी आणि विसंगती टिपलेल्या, अशा कवितेला जपानीत ‘सेन्र्यू’ हे वेगळे नाव आहे. आपल्याकडे हायकू म्हणून फिरणारे पुष्कळसे सेन्र्यूच निघेल. चांगल्या सेन्र्यूचा एखादा नमुना शेजारी ठेवलात तर मुलांना दोन्ही कळतील.