एकच ॲप, अनेक डोमेन आणि सबडोमेन: डीएनएसपासून कुकीपर्यंत काय काय लावायचं?

नवी_जोडणी:
एका सर्व्हरवर जँगोचं (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) ॲप आहे, पुढे एनजिनएक्स (येणाऱ्या विनंत्या ॲपकडे पाठवणारा वेब सर्व्हर). मुख्य.कॉम ही खरी साइट. मुख्य.नेट टाकणाराही तिथेच पोचायला हवा. प्रत्येक ग्राहकाला स्वतःचं सबडोमेन आहे आणि पुढे काही ग्राहक आपापली डोमेन जोडणार आहेत.

डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यादीत, *.मुख्य.कॉम चा ए रेकॉर्ड (नावापुढे आयपी पत्ता देणारी नोंद; तारका म्हणजे कोणतंही सबडोमेन) टाकलाय, सबडोमेन उघडतात. फक्त लेखा.मुख्य.कॉम परवापासून सापडतच नाही, आणि ए रेकॉर्डला कुणी हात लावलेला नाही. मुख्य.कॉम उघडलं तर चारशेची एरर येते. कुठे चुकतंय?

पोर्ट_८०:
आधी लेखाचं. सर्टिफिकेटसाठी कुणी _ॲक्मी-चॅलेंज.लेखा या नावाने टीएक्सटी रेकॉर्ड (डोमेन आपलं आहे हे दाखवायला ठेवलेली मजकुराची नोंद) हाताने टाकलाय का बघा. तसा रेकॉर्ड असेल तर डीएनएसच्या लेखी "लेखा" हे नाव अस्तित्वात आलं, भले त्याला स्वतःचा एकही रेकॉर्ड नसो. आणि अस्तित्वात असलेल्या नावाला तारकेचा रेकॉर्ड लागू होत नाही. डिग (डीएनएसला विचारणारी कमांड) चालवलंत तर एनएक्सडोमेन (असं नावच नाही) नाही, नोएरर (नाव आहे) दिसेल आणि उत्तरं शून्य. हीच खूण. तो टीएक्सटी काढा, नाहीतर लेखाला वेगळा ए रेकॉर्ड द्या. "नाही" हे उत्तरही कॅशमध्ये राहतं, त्यामुळे दुरुस्तीनंतर लगेच उघडलं नाही तर गोंधळू नका.

चारशेची एरर बहुधा होस्ट हेडरची. डीएनएस माणसाला फक्त दारापर्यंत आणतं. तो कोणत्या नावाने आला हे ॲपला होस्ट हेडरवरून कळतं, आणि प्रॉक्सी_पास (विनंती ॲपकडे पाठवणारी ओळ) लिहिलं की एनजिनएक्स त्या जागी अपस्ट्रीमचं (मागच्या ॲप सर्व्हरचं) नाव घालतो. म्हणून ही ओळ हवीच:

प्रॉक्सी_सेट_हेडर होस्ट $होस्ट;

मग जँगोच्या अलाउड_होस्ट्समध्ये (ॲपने स्वीकारायच्या नावांची यादी) '.मुख्य.कॉम' द्या. सुरुवातीच्या टिंबामुळे मूळ डोमेन आणि सगळी सबडोमेन दोन्ही येतात; टिंबाऐवजी तारका-टिंब लिहिलं तर चालत नाही. सरसकट तारका टाकून मोकळं होऊ नका: पासवर्ड रीसेटची लिंक होस्टवरूनच बनते, तिथे कुणीही आपलं डोमेन घुसवू शकतो.

एनजिनएक्सला नाव जुळलं नाही तर तो त्या पोर्टवरचा पहिला सर्व्हर ब्लॉक (एका साइटच्या सेटिंगचा भाग) वापरतो. तेव्हा वेगळा डीफॉल्ट ब्लॉक ठेवा आणि तिथे ४४४ परत करा (उत्तर न देता जोडणी बंद).

ग्राहकांना आयपी देऊ नका. जोड.मुख्य.कॉम असं एक नाव ठेवा आणि त्यावर सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारा रेकॉर्ड) करायला सांगा; सर्व्हर बदलला तर तुमच्याकडचा एकच रेकॉर्ड बदलावा लागेल. मूळ डोमेनवर मात्र सीनेम चालत नाही, कारण तिथे एसओए आणि एनएस (डोमेनला लागणारेच रेकॉर्ड) आधीच असतात. तिथे प्रोव्हायडरकडे अलायस (मूळ डोमेनवर चालणारा सीनेमसारखा रेकॉर्ड) असेल तर तो, नाहीतर ए. जुना एएएए रेकॉर्ड (आयपीव्ही६ पत्ता देणारा) राहून गेला तर आयपीव्ही६ वाले भलत्याच सर्व्हरवर जातील, तोही तपासायला सांगा.

कुलूप_किल्ली:
सर्टिफिकेटचं मी सांगतो. *.मुख्य.कॉम चं सर्टिफिकेट एकाच पातळीला चालतं: लेखा.मुख्य.कॉम चालेल, नवीन.लेखा.मुख्य.कॉम नाही. मूळ मुख्य.कॉमही त्यात येत नाही, ते नाव वेगळं घाला. लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट सर्टिफिकेट देणारी सेवा) वाइल्डकार्ड, म्हणजे तारकेचं सर्टिफिकेट, फक्त डीएनएस चॅलेंजनेच (टीएक्सटी रेकॉर्डने मालकी दाखवून) मिळतं. ग्राहकांच्या डोमेनना एचटीटीपी चॅलेंज (साइटवर फाइल ठेवून मालकी दाखवणं) पुरतं, पण त्यासाठी पोर्ट ८० उघडं हवं आणि त्यांचं डीएनएस आधी तुमच्याकडे वळलेलं हवं. त्याआधी मागत राहिलात तर अपयशी प्रयत्नांच्या मर्यादेत अडकाल.

मुख्य.नेट नुसतं रिडायरेक्ट होणार असलं तरी त्याला सर्टिफिकेट लागतं. टीएलएसची (एचटीटीपीएसच्या सुरक्षित जोडणीची) बोलणी आधी होतात, ३०१ (रिडायरेक्टचं उत्तर) नंतर जातो.

नवी_जोडणी:
टीएक्सटीच होता! काढल्यावर लेखा उघडलं, आणि होस्टच्या ओळीने चारशेही गेली. मनापासून आभार. आता लॉगिन: मुख्य.कॉमवर केलेलं सगळीकडे चालावं म्हणून सेशन_कुकी_डोमेन (लॉगिनची कुकी कोणत्या डोमेनला जावी हे ठरवणारी जँगोची सेटिंग) '.मुख्य.कॉम' करू का?

पोर्ट_८०:
सबडोमेनवर चालेल. पण ग्राहकाच्या स्वतःच्या डोमेनवर ब्राउझर ती कुकी घेणारच नाही, कारण डोमेन जुळत नाही. पासवर्ड बरोबर असूनही माणूस पुन्हा पुन्हा लॉगिनच्या पानावर येईल. शिवाय ही कुकी प्रत्येक ग्राहकाच्या सबडोमेनकडे जाते. मी ती सेटिंग रिकामी ठेवीन, म्हणजे कुकी ज्या त्या नावापुरती राहील. दोन नावांमध्ये लॉगिन न्यायचंच असेल तर एकदाच चालणारं, काही सेकंदांत संपणारं टोकन रिडायरेक्टबरोबर पाठवा.

एनजिनएक्समध्ये कॅश (तयार पानं साठवणं) चालू करणार असाल तर त्याआधी प्रॉक्सी_कॅश_की (साठवलेलं पान ओळखायची खूण) बघा. डीफॉल्ट कीमध्ये $प्रॉक्सी_होस्ट असतो, म्हणजे अपस्ट्रीमचं नाव, आणि ते सगळ्या ग्राहकांना एकच. एका ग्राहकाचं पान दुसऱ्याला दिसू शकतं. तिथे $होस्ट घाला. ॲपमध्ये हाताने बनवलेल्या कॅश कीमध्येसुद्धा ग्राहकाचा आयडी असू द्या.