मदत हवी आहे: इलेक्ट्रिक पिकअपच्या हौद्याचं मोटारवालं कव्हर चौथ्यांदा दुरुस्तीला देऊ की काढूनच टाकू?

डेट्रॉईटचा_दाजी:

मंडळी, आधी प्रश्न, मग रडगाणं. माझ्या इलेक्ट्रिक पिकअपचं हौद्यावरचं मोटारवालं कव्हर अकरा महिन्यांत तीनदा दुरुस्त झालंय आणि आता पुन्हा अडकलंय. चौथ्यांदा सर्व्हिस सेंटरला देऊ, की उपटून साधं हाताने गुंडाळायचं कव्हर बसवू? दुसरं केलं तर वॉरंटीचं काय? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नावावरून भांडणं सुरू झाली की धागा भरकटतो आणि माझं कव्हर तसंच राहतं.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलं नाही त्यांच्यासाठी: दुकानाचं शटर आडवं टाकल्यासारखं असतं. अ‍ॅल्युमिनियमच्या अरुंद पट्ट्या रबराने एकमेकींना जोडलेल्या, दोन्ही बाजूंच्या खाचांमधून त्या सरकतात आणि केबिनच्या मागच्या डब्यात गुंडाळल्या जातात. बटण दाबलं की उघडायचं, दाबलं की मिटायचं. शोरूममध्ये विक्रेत्याने दाखवलं तेव्हा लोण्यातून सुरी गेल्यासारखं गेलं होतं. बायको तेव्हाच म्हणाली होती, "जेवढ्या मोटारी, तेवढी दुखणी." मी ऐकलं नाही.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी गाडी आली. नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आसपास पहिला बर्फ पडला आणि कव्हर चार बोटं सरकून थांबलं. स्क्रीनवर संदेश: अडथळा आहे. बघितलं तर काही नाही. थंडीमुळे असेल म्हणून सोडून दिलं. जानेवारीत ते उघडं असतानाच अडकलं आणि हौद्यात वीतभर बर्फ साचला. पहिली दुरुस्ती: खाचा साफ केल्या, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. एप्रिलमध्ये दुसरी: मोटार बदलली. जुलैमध्ये तिसरी: "सेन्सरची संवेदनशीलता जुळवली". प्रत्येक वेळी गाडी घरी येईपर्यंत झकास चालतं. हे त्याचं वैशिष्ट्यच आहे, मेकॅनिकपुढे अगदी गुणी बाळ.

कळस झाला गेल्या शनिवारी. मंडळाच्या गणपतीचं मखर यंदा आमच्या गराजमध्ये बनलं. पुठ्ठा, घोटीव कागद, तीन आठवडे रात्री जागून केलेली कमान. सगळं हौद्यात रचलं, कव्हर मिटायला घेतलं आणि निम्म्यावर येऊन ते परत मागे गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पाच-सहा प्रयत्नांनंतर जे अर्ध्यावर बसलं ते ना पुढे ना मागे. हायवेला लागलो आणि आभाळ फाटलं. हॉलवर पोचलो तेव्हा कमानीचा पापड झाला होता. बाप्पा शेवटी साडीच्या पडद्यापुढे बसले. छान दिसले, पण माझ्या मुलीने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, कारण कमानीवरचे मोर तिने रंगवले होते.

सध्या इस्लामपूरहून वडील आले आहेत. अण्णांनी उभी हयात टेम्पो चालवला. दुसऱ्या दिवशी ते गराजमध्ये खुर्ची टाकून बसले आणि मला म्हणाले, "नुसतं बटण दाबत राहा, मी बघतो." दहा मिनिटांनी म्हणाले, "अरं, डावीकडचं मागं राहतंय बघ. उजवीकडचं अर्धं बोट पुढं जातंय, मग तिरकं होऊन रुततंय." मी पट्टी लावून मोजलं. खरंच, निम्म्या वाटेवर साधारण एक सेंटीमीटरचा फरक पडतोय. तीन वेळच्या कुठल्याच कागदावर हे नाही. त्यानंतर त्यांनी सुचवलं की ताडपत्री आणि दोरी घे, पण तो उपाय राखून ठेवलाय.

तर सांगा: हे तिरकं जाणं कशामुळे? माझ्या हातात करण्यासारखं काही आहे का? आणि पुढचं पाऊल कोणतं?

नटबोल्ट:

तुमच्या अण्णांना सर्व्हिस सेंटरमध्ये चिकटवा.

या कव्हरमध्ये मोटार एकच असते, पण ओढणारे पट्टे किंवा केबल दोन, डावा-उजवा. त्यातला एक सैल झाला, किंवा एका बाजूच्या खाचेत घर्षण वाढलं, की पट्ट्या तिरक्या होतात. तिरक्या झाल्या की रुततात, रुतल्या की मोटार जास्त करंट ओढते. कंट्रोलरला तुमचं बोट आणि रुतलेली पट्टी यातला फरक कळत नाही. करंट वाढला म्हणजे कुणाचा तरी हात अडकला, असं समजून तो थांबतो आणि मागे फिरतो. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण म्हणून मोटार बदलणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि संवेदनशीलता कमी करणं तर त्याहून वाईट, दुखणं तसंच ठेवून ओरडणाऱ्याचं तोंड दाबणं.

थंडीचा भागही खरा आहे. दीड मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी पन्नास अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे 1.7 मिलिमीटर कमी-जास्त होते. तेवढ्याच लांबीचं पोलाद 0.9. हौदा पोलादी असेल तर दोघांत पाऊण-एक मिलिमीटरचा फरक पडतो. मिशिगनमध्ये हिवाळ्याची पहाट आणि उन्हात तापलेलं काळं कव्हर यांच्यात पन्नास अंश सहज होतात. खाचेत मुळातच जागा कमी सोडली असेल तर एवढा फरक पुरतो. तुमचा प्रश्न ऑगस्ट-सप्टेंबरमध्येही येतोय, म्हणजे फक्त थंडी कारण नाही. डाव्या बाजूचा पट्टा किंवा खाच, तिथेच बघायला लावा.

मेपलच्या_सावलीत:

आमच्याकडे वेगळ्या कंपनीची गाडी, दुखणं जवळपास हेच. दोन गोष्टी सांगते.

पहिली, पाणी. ही कव्हरं पूर्ण पाणीबंद नसतातच. पाणी कडेच्या पन्हाळीत उतरतं आणि कोपऱ्यातल्या नळ्यांमधून खाली जातं. आमच्या दारात मेपल आहे. त्याच्या त्या भिंगरीसारख्या बिया नळीत बसल्या, पाणी तुंबलं, रात्रीत गोठलं आणि गुंडाळीच्या डब्यातच बर्फ झाला. तुम्ही प्रत्येक कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओता आणि गाडीखाली वाकून बघा. चारही ठिकाणी धार आली पाहिजे. डावीकडे आली नाही तर चोर सापडला.

दुसरी, मीठ. डेट्रॉईट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात असं मीठ रस्त्यांवर पडतं. ते वितळलेल्या बर्फाबरोबर उडून खाचांत बसतं. हिवाळ्यात तापमान शून्याच्या वर गेलेल्या दिवशी खाचा साध्या पाण्याने धुऊन कोरड्या करायच्या, मग सिलिकॉनचा किंवा पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे. ग्रीस नको, त्याला धूळ चिकटून चटणी होते. आणि गोठलेल्या कव्हरवर गरम पाणी अजिबात ओतू नका. मी ओतलं होतं. दहा मिनिटांत पहिल्यापेक्षा घट्ट गोठलं.

खडूस_काका:

हौद्यात पुठ्ठ्याचं मखर न्यायचं तर पिकअप कशाला घेतली? मिनीव्हॅन घ्यायची. दार ओढलं की मिटतं.

डेट्रॉईटचा_दाजी:

काका, बायकोचं हेच मत आहे, तिला तुमचा आयडी देतो. पण आठ फुटी प्लायवूड, झाडांचं खत आणि सायकली मिनीव्हॅनमधून नेऊन दाखवा. शिवाय मागे एवढी मोठी कुलपाची जागा मिळणार म्हणूनच कव्हरसकट पॅकेज घेतलं होतं.

मेपलताई, तांब्याचा प्रयोग केला. उजवीकडे दोन्ही कोपऱ्यांत धार. डावीकडे मागे धार, पुढे काहीच नाही! डब्याजवळची नळी तुंबलीय.

कलम_आणि_कागद:

मी वकील नाही, पण माझ्या गाडीसाठी या वाटेने गेलोय, म्हणून लिहितो. तुम्ही मिशिगनमध्ये असाल तर कव्हर आत्ता काढू नका. काढलं की पुरावा गेला.

मिशिगनचा नव्या गाड्यांच्या वॉरंटीचा कायदा 1986 चा आहे, लोक त्याला लेमन लॉ म्हणतात: वारंवार दुरुस्त करूनही नवी गाडी सुधारली नाही, तर कंपनीला ती बदलून द्यावी किंवा परत घ्यावी लागते. त्यात पिकअप येते. गाडीचा वापर किंवा किंमत कमी करणारा दोष असावा लागतो. त्याची तक्रार वॉरंटीच्या मुदतीत किंवा गाडी मिळाल्यापासून एका वर्षात, यातलं जे आधी संपेल त्याच्या आत, झालेली असावी. तुमच्या जानेवारीच्या कागदाने ते झालंय. पहिल्या दुरुस्तीपासून दोन वर्षांत त्याच दोषासाठी चार किंवा जास्त प्रयत्न होऊनही तो राहिला, तर कंपनीला दुरुस्तीची वाजवी संधी दिली असं धरलं जातं. पण एक पायरी लोक विसरतात: तिसऱ्या प्रयत्नानंतर कंपनीला, म्हणजे उत्पादकाला, पोचपावतीच्या टपालाने लेखी कळवावं लागतं. मग त्यांना शेवटची संधी मिळते, गाडी ताब्यात आल्यापासून कामकाजाचे पाच दिवस. तुम्ही नेमके या पायरीवर उभे आहात. नुसतं अ‍ॅपवरून चौथी अपॉइंटमेंट घेतलीत तर हे पत्र राहून जाईल. कंपनीची नियमांत बसणारी लवाद व्यवस्था असेल तर आधी तिथे जावं लागतं, तेही मॅन्युअलमध्ये बघा.

कव्हरसाठी अख्खी गाडी परत घेतील का? "वापर किंवा किंमत" यावर ते वाद घालतील. पण कुलूपबंद सामानाची जागा म्हणून विकलेली गोष्ट अर्धी उघडी राहते, हे कमी नाही. आणि खरं सांगू, असं पत्र गेलं की फोनवर वेगळा माणूस येतो.

दुसऱ्या कंपनीच्या कव्हरबद्दल: 1975 चा संघराज्याचा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. केवळ बाहेरचा भाग बसवला म्हणून पूर्ण वॉरंटी रद्द करता येत नाही. त्या भागामुळे बिघाड झाला असेल तर गोष्ट वेगळी. पण ते नंतर. आधी पत्र.

नटबोल्ट:

आणि व्हिडिओ करा. हौद्याच्या दोन्ही कडांना चिकटपट्टीने सारख्या अंतरावर खुणा, मागे उभं राहून सरळ चित्रण. एकदा गाडी रात्रभर झोपलेली असताना, एकदा चार्जिंगला लावलेली असताना. दोन्हीत सारखंच तिरकं गेलं तर कव्हरच्या मोटारीला वीज देणाऱ्या छोट्या बॅटरीचं व्होल्टेज कमी पडतंय हा संशय बराच कमी होईल, मेकॅनिकला ती पळवाट राहणार नाही. नळी मात्र स्वतः साफ करू नका. तुंबलेली त्यांनाच बघू दे.

डेट्रॉईटचा_दाजी:

आठवड्याने लिहितोय. पत्र गेलं, पोचपावती आली आणि तिसऱ्या दिवशी खरंच "वेगळा माणूस" फोनवर आला. या वेळी आवाज नम्र, अपॉइंटमेंट चार दिवसांत.

मी व्हिडिओ दाखवले, खुणा दाखवल्या, तांब्याभर पाणी तिथेच ओतून दाखवलं. मेकॅनिकने डबा उघडला. डाव्या नळीत चिखल आणि बिया, डाव्या पट्ट्याच्या पुलीवर गंज, आणि पट्टा हाताने हलवला तरी सैल. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की आधीच्या तिन्ही वेळी डबा उघडलाच नव्हता, स्क्रीनवर जो कोड आला तेवढाच भाग बदलला. आता पूर्ण कव्हर, डब्यासकट, नवीन येणार आहे. तसं कागदावर लिहून घेतलंय, दोष "डावी बाजू मागे राहते" या शब्दांतच.

कव्हर यायला वेळ आहे, तोवर गाडी घरी. एक प्रश्न उरला, कलमराव: पाच दिवस गाडी ताब्यात आल्यापासून मोजायचे, तर भागाची वाट बघत गाडी माझ्याकडे आहे तो काळ कसा धरायचा? गाडी त्यांच्याकडेच ठेवायला हवी होती का?

आणि हो, सध्या हौद्यावर ताडपत्री आहे. अण्णांनी स्वतः बांधली. गाठ कशी सोडायची ते मला अजून जमत नाही.