मदत हवी आहे: कुत्रा धावायला आनंदाने येतो, पण त्याला झेपतंय का हे कसं ओळखू?

आमचा बंड्या साडेआठ वर्षांचा आहे. मिश्र जातीचा, वजन २४ किलो. गेली पाच वर्षं आम्ही दोघं आठवड्यातून चार दिवस सकाळी धावतो, साधारण ५ किलोमीटर. प्रश्न खाली आहे, पण आधी थोडं पाल्हाळ लावते. त्याशिवाय माझी अडचण कळायची नाही.

मी मुळात धावणारी नाहीच. शाळेतल्या शर्यतीत माझा नंबर कायम शेवटून पहिला. बंड्या तीन वर्षांचा असताना घरातल्या उशा फाडायचा, म्हणून त्याला दमवायला बाहेर काढलं आणि पहिल्याच दिवशी दमले मी. दोनशे मीटरवर मी कंबरेवर हात ठेवून उभी आणि हा समोर बसून माझ्याकडे बघतोय, की झालं एवढंच? त्या नजरेची लाज वाटून दुसऱ्या दिवशी गेले. मग जातच राहिले.

आता बुटाची नाडी आवळायचा नुसता आवाज झाला, की साहेब जिथे असतील तिथून हजर. आनंद झाला की त्याला शिंका येतात, लागोपाठ तीन. पहिली दहा मिनिटं त्याची, काय हुंगायचं ते हुंगून घेतो. मग आम्ही वेग धरतो आणि एक क्षण असा येतो की त्याची दुडकी चाल आणि माझं धावणं जुळतं. दोरीला ताण राहत नाही. त्याच्या नखांची टिकटिक, माझ्या बुटांची धपधप, बाकी काही नाही. मधूनच मान वळवून बघतो, आहेस ना? एवढ्यासाठी मी पहाटेचा गजर लावते. वजन-बिजन कमी झालं ते वरकड.

अडचण अशी. गेले तीन आठवडे तो तिसऱ्या किलोमीटरनंतर मागे पडतोय. फार नाही, अर्ध्या अंगाने. पण हा कधी माझ्या मागे नव्हता. आणि धावलो त्याच्या दुसऱ्या दिवशी झोपेतून उठताना मागचे पाय अवघडल्यासारखे टाकतो. चार-पाच पावलं गेली की मोकळा होतो. तरी नाडीचा आवाज आला की शिंका तशाच, नाच तसाच. एकदा त्याला ठेवून एकटी गेले, तर दीड किलोमीटरवरून परत आले. करमेना.

हे निव्वळ वय आहे की दुखणं? आणि तो इतक्या खुशीने येतो, ही त्याची संमती समजायची का? वयस्कर कुत्र्याबरोबर कोणी धावणं चालू ठेवलंय का?

(उन्हात नेत नाही. डांबरावर सात सेकंद तळहाताची मागची बाजू ठेवता आली नाही तर घरी परत. गळपट्ट्याऐवजी खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस आहे. धावण्याआधी काही तास खाणं नाही, आल्यावरही तासभर नाही.)

धापाधाप: विश्रांतीनंतर अवघडणं आणि हालचालीने मोकळं होणं, हे सांधे कुरकुरायला लागल्याचं नेहमीचं लक्षण. व्हेटला दाखवेपर्यंत धावणं बंद, चालणं चालू. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी चुकूनही देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

जायच्या आधी एक काम करा. सपाट जागेवर तो दुडकत असताना फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढा, बाजूने आणि मागून. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकताना खाली जातं. मागच्या पायांचं दुखणं असेल तर जिन्यावर सशासारखे दोन्ही पाय जोडीने टाकतो का बघा. तपासणीच्या टेबलावर कुत्री शहाण्यासारखी उभी राहतात आणि लंगडणं दाखवतच नाहीत. व्हिडिओ असला की वाद नाही.

उशिरा_उठणारा: आमच्याकडे पग आहे. धावण्याचा प्रश्नच येत नाही. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः धापा टाकून, आणि याच्या चपट्या नाकात धाप मावत नाही. आम्ही दोघं बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघतो. धाग्याला उपयोग शून्य, पण तुमच्या शिंका वाचून लिहावंसं वाटलं.

बंड्याचीआई: @धापाधाप, व्हिडिओ काढला. डोकं ठीक आहे, पण जिन्यावर हुबेहूब ससा. मला वाटायचं घाई असते म्हणून तसा चढतो. शनिवारी व्हेटकडे जातोय.

चारपायी: संमतीबद्दल विचारलंत ते महत्त्वाचं आहे. २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. माणसं, कुत्री आणि फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबुडका प्राणी) यांना ट्रेडमिलवर पळवून रक्त तपासलं. माणसांत आणि कुत्र्यांत धावल्यावर आनंदामाइड नावाचं रसायन वाढलं, फेरेटमध्ये वाढलं नाही. त्या रसायनाचं नाव १९९२ मध्ये ठेवलं गेलं ते आपल्या संस्कृत 'आनंद' शब्दावरून. म्हणजे बंड्याला मजा येते ही तुमची कल्पना नाही. जे तुम्हाला होतं तेच त्यालाही होत असणार.

पण या जातीची रसायनं वेदनाही बोथट करतात. तेव्हा धावतानाचा आनंद खरा असूनही त्यावरून दुखत नाही असं म्हणता येत नाही. नाडीच्या आवाजावर तर जाऊच नका, तो तुमच्याबरोबर बाहेर जायच्या आशेने नाचतो. पुढच्या ५ किलोमीटरचा हिशोब त्याच्या डोक्यात नसतो. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं. उठताना किती पावलं अवघडला ते रोज कॅलेंडरवर लिहा.

माझी कुत्री अकरा वर्षांची आहे. आम्ही पाच मिनिटं चालतो, एक मिनिट दुडकतो, परत चालतो. मातीवर, गवतावर. दुसऱ्या दिवशी पावलं वाढली की पुढचे दोन दिवस नुसतं हुंगणं. वजनाकडेही बघा. ४८ लॅब्रॅडॉर जोड्या लावून जन्मभर अभ्यासले होते, त्यात ज्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं ते बाकीच्यांपेक्षा सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले, आणि सांध्यांची झीजही त्यांच्यात उशिरा आली.

बंड्याचीआई: जाऊन आले. एक्स-रेमध्ये मागच्या दोन्ही खुब्यांत सुरुवातीची झीज दिसतेय. औषध सुरू, दोन किलो उतरवायचे, दोन आठवडे फक्त चालणं, मग परत दाखवायचं. त्यानंतर झेपलं तर चारपायी म्हणतात तसं थोडं थोडं, मऊ जमिनीवर. पाच किलोमीटर विसरा म्हणाल्या. मी गाडीत थोडी रडले, हा खिडकीतून बाहेर नाक काढून मजेत.

आज मुद्दाम बूट न घालता चपला घालून निघालो. म्हटलं, हिरमुसेल. चपलांकडे बघून तीन शिंका. चाळीस मिनिटांत जेमतेम दीड किलोमीटर झालं, कारण प्रत्येक खांबाची चौकशी करायची होती. उद्या किती पावलं ते लिहीन.

एक प्रश्न राहिला. मला स्वतःला धावणं सोडायचं नाहीये. नाडीचा आवाज त्याला बंद दारापलीकडूनही ऐकू जातो. बूट बाहेर जाऊन घालायचे, की याला काही युक्ती आहे?

उशिरा_उठणारा: बिननाडीचे घ्या.