फाटाचे विलीनीकरण योग्यच होते

मूळ धागा
पाकिस्तानच्या अफगाण सीमेवरील सात एजन्सी (जिल्ह्यांसारखे प्रशासकीय विभाग) आणि सहा सरहद्द विभाग मिळून बनलेला संघशासित टोळीप्रदेश, म्हणजे फाटा, मे २०१८ मध्ये पंचविसाव्या घटनादुरुस्तीने खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झाला. त्यानंतरची दुरवस्था पाहून तो निर्णयच चुकला असे अनेक जण म्हणतात, ते मला मान्य नाही. ज्या ‘स्वायत्तते’चा गौरव केला जातो ती प्रत्यक्षात १९०१ च्या फ्रंटिअर क्राइम्स रेग्युलेशनची राजवट होती. एकाच्या गुन्ह्यासाठी पोलिटिकल एजंट, म्हणजे एजन्सीचा सरकारी प्रमुख, अख्ख्या टोळीची माणसे अटकेत टाकू शके आणि मालमत्ता जप्त करू शके, तर दाद मागण्यासाठी उच्च न्यायालयात जाण्याची वाट घटनेच्या २४७ व्या कलमाने बंद केलेली होती. ‘ना अपील, ना वकील, ना दलील’ असे त्या कायद्याचे वर्णन केले जाई, ते बऱ्याच अंशी खरे होते. १९९६ पर्यंत तिथे मतदानाचा हक्कही मलिकांपुरताच, म्हणजे सरकारमान्य टोळीप्रमुखांपुरताच होता. ब्रिटिशांनी सरहद्द मुठीत ठेवण्यासाठी केलेला कायदा स्वतंत्र देशाने सत्तर वर्षे आपल्याच नागरिकांवर चालवला, याची मला आजही चीड येते.

प्रतिसाद १
तो कायदा जुलमी होता याबद्दल आपला वाद नाही, परंतु कायदा रद्द करणे आणि प्रदेश दुसऱ्या प्रांतात मिसळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतंत्र प्रांताचा पर्याय चर्चेत होता. जमियत उलेमा-ए-इस्लाम (फ) या धार्मिक पक्षाचे नेते मौलाना फजलुर रहमान यांनी सार्वमताची मागणी केली होती, तरीही स्थानिकांचा कौल घेतला गेला नाही. विलीनीकरणानंतर राष्ट्रीय सभेतील बारा जागांच्या सहा झाल्या, सिनेटमधील आठही जागा संपल्या आणि त्या बदल्यात प्रांतिक विधानसभेत सोळा सर्वसाधारण जागा मिळाल्या. भारतात सहाव्या अनुसूचीने ईशान्येकडील जमातींना राज्याच्या चौकटीत राहूनही स्वायत्त जिल्हा परिषदा दिल्या. तसा विचार येथे का झाला नाही?

धागाकर्त्याचे उत्तर
सार्वमत घ्यायला हवे होते, हे मी मान्य करतो. मात्र स्वतंत्र प्रांताची कल्पना नकाशापुढे टिकत नाही. हा प्रदेश सीमेलगतची चिंचोळी पट्टी आहे; उत्तरेकडील बाजौरहून दक्षिणेकडील वझिरिस्तानला जायचे तर पेशावर, कोहाट, बन्नू असा प्रांताच्याच जिल्ह्यांमधून प्रवास करावा लागतो, आणि मोठी रुग्णालये, महाविद्यालये व बाजारपेठाही त्याच शहरांत आहेत. लोकांचे जगणे आधीच त्या प्रांताशी जोडलेले होते, फक्त त्यांचे हक्क वेशीबाहेर थांबले होते.

प्रतिसाद २
मी विलीनीकरणाच्या बाजूचा होतो, पण आता माझी खात्री डळमळली आहे. राष्ट्रीय वित्त आयोगाच्या विभाज्य निधीतून (केंद्र व प्रांतांत वाटल्या जाणाऱ्या महसुलातून) या प्रदेशाला तीन टक्के वाटा देण्याचे ठरले होते, पण इतर प्रांत आपल्या हिश्शातून कपात सोसायला तयार झाले नाहीत. पहारा आणि नाकेबंदी करणारे खासादार व लेव्हीज ही स्थानिक टोळी दले २०१९ मध्ये पोलीस दलात घेतली गेली, पण नुसती वर्दी बदलली म्हणून गुन्ह्याचा तपास करता येऊ लागत नाही. जमिनीचा प्रश्न तर याहून बिकट आहे. बहुतेक ठिकाणी जमीन टोळीच्या सामाईक मालकीची, तिची मोजणी नाही, नोंद नाही; मग दिवाणी न्यायालयाने निवाडा कशाच्या आधारावर करायचा? पूर्वीच्या फाटातील कुर्रम जिल्ह्यात जुलै २०२४ मध्ये जमिनीच्या वादातूनच शिया-सुन्नी संघर्ष पेटला, आणि १ जानेवारी २०२५ चा शांतता करार शेवटी कोहाटच्या जिरग्यातूनच, म्हणजे टोळ्यांच्या वडीलधाऱ्यांच्या पंचायतीतूनच झाला. विलीनीकरणाला साडेसहा वर्षे उलटल्यावरही सरकारला जिरग्याकडेच जावे लागले.

धागाकर्त्याचे उत्तर
जमिनीबद्दलचा आपला मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. मोजणीचे काम न्यायालयांच्या आधी सुरू व्हायला हवे होते. जिरग्याबद्दल मात्र एक फरक लक्षात घ्यावा. कोहाटमध्ये दोन्ही पक्षांचे वडीलधारे समझोत्यासाठी बसले होते, तर जुन्या कायद्याखालील जिरग्याचे सदस्य पोलिटिकल एजंट नेमत असे आणि शिक्षाही तोच ठोठावत असे. पहिल्या प्रकारच्या जिरग्याला माझा विरोध नाही, पण त्यातही स्त्रियांना स्थान नसते. म्हणूनच त्याचा निर्णय ज्या स्त्रीला अन्यायकारक वाटेल तिला पेशावर उच्च न्यायालयाचा दरवाजा २०१८ पासून उघडा आहे, आणि तो पुन्हा बंद करण्याची कोणतीही सूचना मी मान्य करणार नाही.